उचलणारं माणूस

आमच्या डॉक्टरबाईंना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, असं त्या स्वतःच सांगत. समोरची पेशंट फारच हळू बोलायला लागली की उजव्या कानानंही येईनासं होई. प्रत्यक्षात त्यांचे कान इतके तिखट होते की मी व्हरांड्याच्या टोकाला उभी राहून फोनवर घरी काय बोलले, ते आत गेल्यावर मला त्यांच्याकडून ऐकावं लागे. "सासूबाईंना एवढं तोडून बोलू नये," असं त्या एखादीचं बीपी बघताबघता म्हणत आणि पुढच्या बाईला आत बोलवत.

पुढची बाई पदराचं टोक तोंडाशी धरून आत येई.

"बाई, जरा खालचं दुखणं हाय."

"काय? मोठ्यानं बोल. मला कमी ऐकू येतं."

"खालचं दुखणं हाय म्हनलं."

"पाय दुखतात?"

"पाय न्हाई वो."

"मग काय? अगं, ऐकूच येत नाही."

शेवटी त्या बिचारीचा धीर सुटे आणि ती ओरडे, "खोकलं की लगवी सुटती! शिंकलं की सुटती!"

खोलीचं दार बाईंनी मुद्दाम अर्धं उघडं ठेवलेलं असे. बाहेर बाकांवर सगळ्या बायकाच, कारण पुरुषांना फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवत. ते वाक्य बाहेर गेलं की सगळ्या क्षणभर फरशीकडे बघत. मग कोणीतरी शेजारणीला म्हणे, "मलाबी व्हतंय की गं." गुडघ्याचं नाहीतर कंबरेचं निमित्त काढून आलेल्या दोघीतिघी तरी त्या दिवशी खरं काय ते सांगून जात.

मी नवीन असताना बाईंना म्हटलं होतं, की पेशंटची गुप्तता म्हणून काही असतं, तसा कायदाच आहे.

"तिनं इतकी वर्षं गुप्तताच पाळलीय," बाई म्हणाल्या. "बरी झाली का?"

"पण कायदा..."

"कायद्याला लघवी सुटत नाही," असं म्हणून त्यांनी हात धुवायला घेतले. मला त्यांचं म्हणणं आजही पूर्ण पटलेलं नाही.

दवाखाना पिरंगुटजवळच्या भरे गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून होता. मी सूसला राहत होते, अजूनही राहते. नांदे-चांदे करत स्कूटरवर जायचं आणि पिरंगुटच्या कारखान्यांची शिफ्ट सुटायच्या आत परतायचं, नाहीतर ट्रकांच्या मागे धूर खात बसावं लागे. मी फिजिओथेरपिस्ट. खालचे स्नायू कसे आवळायचे आणि कसे सोडायचे, हे बायकांना शिकवायचं माझं काम. मला शिकवलं होतं ते सगळं शास्त्रीय भाषेत, आणि ते इथं कोणाला कळेना. एक दिवस बाई पडद्यामागून म्हणाल्या, "अगं, चारचौघांत वारा अडवतेस ना, तसं आवळ." खोलीतल्या सगळ्या बायका खदखदून हसल्या, आणि सगळ्यांना एका झटक्यात जमलं. त्यानंतर मीही तसंच सांगू लागले. वर्षभर काम करून बाणेरच्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं, असा माझा बेत होता. तो पुढे ढकलत ढकलत बाईंनी काम थांबवेपर्यंत मी तिथंच राहिले.

बाई उंच होत्या, हाडापेरानं मजबूत. पांढरे झालेले केस बारीक कापलेले. साडी कायम गडद रंगाची, म्हणजे काळपट जांभळी, नाहीतर काळपट हिरवी, नाहीतर तपकिरी. उन्हाळ्यातसुद्धा त्यांच्या अंगावर फिका रंग कोणी पाहिला नाही. स्टुलावर बसल्या तर अगदी कडेला. कोणी गमतीचं बोलायला लागलं की हसू यायच्या आधीच त्या टेबल धरत, एका पायावर दुसरा पाय आवळत, आणि मग बेतानं हसत. शिंक येणार असं वाटलं की खुर्चीत बसून घेत. दुसऱ्यांना पाणी प्या, पाणी प्या म्हणून ओरडत आणि स्वतः दुपारपर्यंत अर्धा पेलाही पीत नसत. चांदणी चौकापासून ताम्हिणीपर्यंत कुठल्या पेट्रोल पंपाचं, कुठल्या हॉटेलचं संडास कसं आहे हे त्यांना पाठ होतं, आणि त्यांना त्या शाळेतल्यासारखे मार्क देत.

थोडक्यात, बायकांकडून जे ओरडवून घ्यायच्या तेच दुखणं बाईंना स्वतःला होतं. आमच्या दवाखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे हे बाईंना माहीत होतं का, ते मात्र कळायला मार्ग नव्हता. आमच्या आयाबाईंना आम्ही मावशी म्हणत असू. मावशी भऱ्याच्याच. त्या भांडी उकळताना माझ्याजवळ म्हणायच्या, "दुसरीचं बोंबलून घेत्यात आन् सोताचं गिळून बसत्यात. ह्याला काय म्हनावं?"

मी म्हणायचे, "तुम्हीच विचारा ना."

"मी? मला नोकरी हाय."

बाईंची तपासायची खोली बघून बाहेरून आलेले डॉक्टर हसत. टेबल, दिवा हे सगळं होतंच, पण कोपऱ्यात पाण्यानं भरलेला हंडा, वाळूचं घमेलं आणि आडोशाला देशी संडासाचं भांडंही होतं. बाई आधी रीतसर झोपवून तपासत. मग पेशंटला उठवत. "आता घमेलं उचल. धुणं धुतेस तशी बस. भाताच्या आवणीला वाकतेस तशी वाक. खोक. अजून खोक." शेवटी वाळूच्या त्या घमेल्यासकट बाईला उभी करून पुन्हा बघत. "झोपलेल्या बाईचं काय बघायचं?" त्या म्हणत. "झोपली की सगळं जागच्या जागी जातं. मग डॉक्टर सांगतो काही नाही, आणि ही घरी जाऊन पुन्हा हंडा उचलते."

खोकल्यावर सुटणारी आणि नळाचा आवाज ऐकून सुटणारी, या दोघींना एकच औषध देणाऱ्यांवर बाईंचा फार राग. काहींना त्या शहरात मशीनवरच्या तपासणीला पाठवत, काहींना आत बसवायची रिंग देत, पुष्कळजणींना माझ्याकडे धाडत. चाकू उचलायची घाई त्यांना कधीच नसे. त्यांच्याकडे येणाऱ्या नवऱ्यांना मात्र भारी घाई असे. येताना बहुतेक जण एकच मागणी घेऊन येत, "पिशवी काढून टाका, कटकट मिटवा." बाई शांतपणे म्हणत, "घराचा पाया खचलाय, आणि तुम्ही मला माळा काढायला सांगताय."

ऑपरेशन करायचंच ठरलं, तर मात्र त्यांचा एक नियम होता आणि त्याच्यापुढे देवाचंही चालत नसे. तारीख देण्याआधी त्या विचारत, "उचलणारं माणूस कोण?"

ऑपरेशन झालं की तीन महिने त्या बाईनं वजन उचलायचं नाही. हंडा नाही, बादली नाही, गवताचा भारा नाही, कडेवर नातू नाही. पूर्वी बाई हे नुसतं सांगत असत. घरचे सगळे माना हलवत, आणि टाक्यांचा दोरा विरघळायच्या आत ती बाई विहिरीवर दिसे. "मी शिवते आणि घरचे उसवतात," बाई म्हणत. म्हणून नियम असा झाला की घरानं एक माणूस नावानिशी द्यायचा, आणि त्या माणसानं आधी परीक्षा द्यायची. शेडजवळच्या नळावर हंडा काठोकाठ भरायचा, अंगण ओलांडून व्हरांड्यापर्यंत आणायचा, वळसा घालून परत न्यायचा. सांडला तर पुन्हा. व्हरांड्यातून बाईंचा आवाज येई, "सांडलं. परत भरा." न सांडता नेणं सवयीशिवाय जमत नाही, आणि सवय व्हायला आधी घरी उचलावं लागतं. बाईंचा हिशोब एवढा सरळ होता. सासू, नणंद, मुलगी आली तरी त्यांची ना नसे, पण हंड्याला हात लावण्याआधी त्या तिला आत नेऊन खोकायला लावत. त्यातल्या निम्म्या तिथंच पेशंट होत.

या नियमापायी कितीतरी लोक भांडून गेले. त्यात मला नीट आठवतात ते इंदूबाईचे मालक.

इंदूबाई भऱ्याची. तिच्या घरच्यांनी विकून उरलेल्या जमिनीवर खोल्या बांधून कारखान्यातल्या पोरांना भाड्यानं दिल्या होत्या. मोटर बंद पडली की वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंना पाणी इंदूबाईच नेऊन देई. शिवाय पावसाळ्यात आवणी होतीच. आत आली तेव्हा बाईंना तिला फार ओरडायला लावावं लागलं नाही. ती सरळच म्हणाली, "अंग बाहीर येतंय. हातानं आत सारल्याबगर लगवी व्हत न्हाई. लई वरसं झाली." बाईंनी दार लावून घेतलं. असं त्या क्वचित करत.

मालक पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हातात ब्रेसलेट. जमिनीच्या व्यवहारात मध्ये असणारा माणूस. नियम त्यांच्या कानावर होताच; पहिल्याच दिवशी ते उचलणारं माणूस म्हणून आपल्या एका भाडेकरूला गाडीत घालून घेऊन आले. तो बिचारा बिहारकडचा पोरगा, डोळ्यांत झोप. बाईंनी त्याला विचारलं तर म्हणाला, "मैडम, मैं तो शिफ्ट में रहता हूँ. इन्होंने बोला, दवाखाने चल, तो आ गया."

"हा छठपूजेला गावी गेला की कोण उचलणार?" बाईंनी मालकांना विचारलं.

"दुसरा कोनतरी बघू की."

"दुसरा कोणतरी नको. तुम्ही उचला."

"मी? डॉक्टरबाई, माझी गावात काय इज्जत हाय का न्हाई? मी हंडा घिऊन जिना चढू?"

"तिची पण गावात इज्जत आहे. ती चढते."

मालक इंदूबाईला घेऊन तडक निघून गेले. जाताना गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की शेडमधले सगळे उठून उभे राहिले. मला तेव्हा बाईंचा राग आला होता. नियम ठीक आहे, पण त्यापायी ती बाई तशीच घरी गेली होती. मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "तपासतानाच रिंग बसवलीय. अडून नाही बसलेली ती. त्याला अडवलंय."

काही आठवड्यांनी मावशी बातमी घेऊन आल्या. मालक पहाटे, उजाडायच्या आत, गच्चीवर हंडा घेऊन फेऱ्या मारत होते. "समद्या भाडेकरूंनी बघितलं," मावशी म्हणाल्या. "पर त्यांना वाटतंय कुनाला ठाव न्हाई." मग एके दिवशी ते दवाखाना उघडायच्या वेळेलाच हजर झाले. शेड रिकामी होती, अंगण रिकामं होतं, आणि त्यांनी ते बघूनच ती वेळ साधली होती. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसा. गर्दी होऊ दे." माणसाला किती छळावं याचं बाईंना भान नव्हतं, हे मी त्यांच्या बाजूची असूनही लिहून ठेवते. मालक तोंड पाडून बसले. शेड भरल्यावर त्यांनी हंडा भरला, छातीशी धरला, आणि अंगण ओलांडून आणला. थेंब सांडला नाही. व्हरांड्यातून बाई मावशीला म्हणाल्या, "तारीख दे."

इंदूबाईचं ऑपरेशन बराच वेळ चाललं. सगळा आधार खचलेला होता, तो आतून पुन्हा बांधायचा होता. बाईंनी त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. मावशी थिएटरात होत्या. त्या मला नंतर सांगत होत्या, "शेवटाला बाईंच्या कपाळावरनं घामाच्या धारा. पाय असे आवळून उभ्या. टाका घालत्यात आन् ओठ चावत्यात. मला वाटलं हितंच पडत्यात." पडल्या नाहीत. पण त्यानंतर बाई मोठी ऑपरेशनं घेईनाशा झाल्या. "शहरात जा, तिथं माझी विद्यार्थिनी आहे, हात चांगला आहे तिचा," असं चिठ्ठीवर लिहून देऊ लागल्या. शहरात जा म्हटलं की आमच्याकडच्या बायका शहरात जात नसत. चिठ्ठी कमरेला खोचून घरी जात आणि परत येत नसत. बाई व्हरांड्यात उभ्या राहून त्यांना फाटकापर्यंत जाताना बघत. त्यांना काय वाटत असेल याचा मी विचार करणं टाळत होते.

त्या हिवाळ्यात दवाखान्याची सहल लवासाला गेली. बाई येतच नव्हत्या, आम्हीच आग्रह केला. गेल्यावर कळलं की जवळचं एक संडास कुलूपबंद आहे आणि दुसऱ्याला पाणी नाही. तळ्याकाठी ओळीनं रंगीत इमारती, पुष्कळशा अर्धवट, माणूस शोधून सापडेना. बाई गाडीतच बसून राहिल्या. आम्ही बळेच त्यांना काठापर्यंत आणलं. तिथं मावशी त्या बंद इमारतींकडे बघून म्हणाल्या, "एवढी घरं बांधली, आन् मुतायला जागा न्हाई! ह्येंच्यापरीस आमचा गोठा बरा." आम्ही सगळ्या हसलो. बाईही हसल्या. त्या उभ्या होत्या, आणि धरायला जवळ काही नव्हतं.

पुढचं क्षणात झालं. बाई थबकल्या, मग सरळ पाण्याच्या दिशेनं चालू लागल्या, चपलांसकट पाण्यात गेल्या आणि बसल्या. पाणी गुडघाभरही नव्हतं. "पाय घसरला," त्या म्हणाल्या. आम्ही सगळ्या धावलो, त्यांना उठवलं, शाली दिल्या. फार घसरडं आहे, असं प्रत्येकीनं एकदा म्हणून घेतलं. तिथं शेवाळ नव्हतं. परतताना गाडीत कोणी कोणाकडे बघितलं नाही. बाईंच्या साडीतून पाणी ठिबकत होतं आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला रडू येत होतं. ते मी गाणी लावून दाबलं.

त्यानंतर काही दिवसांनी इंदूबाई शेवटच्या तपासणीला आली. मालक शेडमध्ये बसले. आता ते तिथं सरावानं बसत, नव्या नवऱ्यांना कुठला नळ जोरात येतो ते सांगत. इंदूबाईला बाईंनी तपासलं, वाकवलं, खोकायला लावलं, आणि सगळं जागच्या जागी आहे म्हणून पाठीवर थाप मारली. मी तिथंच होते. इंदूबाई उठली, निऱ्या नीट केल्या, आणि जायच्याऐवजी उभीच राहिली.

"बाई, येक इचारू?"

"विचार."

ती हळूच काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. बाईंना आलं असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. पण सवयीनं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय? मला कमी ऐकू येतं."

मग इंदूबाईनं दाराकडे एकदा पाहिलं, आणि बाईंनी शिकवलं होतं तसं खणखणीत विचारलं, "म्हनलं, तुमालाबी सुटती न्हवं? मला टाकं घालताना मावशी तुमच्याकडं बघत व्हत्या. कमरंखाली बधिर केलं व्हतं, डोळं काय झाकलं न्हवतं!"

बाहेर बाकांवरच्या बायका दाराकडे वळल्या. मावशींच्या हातातला ट्रे वाजला. बाईंनी टेबल धरलं, जणू हसूच येणार होतं. मी घाबरले होते. आता बाई तिला हाकलतात की मावशीला कामावरून काढतात, एवढंच मला सुचत होतं.

"ऐकू आलं का?" इंदूबाईनं विचारलं. "का आजून मोठ्यानं सांगू?"

"आलं," बाई म्हणाल्या. मग टेबल सोडून, "सुटते. बरीच वर्षं सुटते."

बाहेरून कोणीतरी, नक्की कोण ते कळलं नाही, सवयीनंच म्हणालं, "मलाबी."

इंदूबाई बाकावर जाऊन बसली. बाईंनी माझ्याकडे बघून दार लोटून घेतलं. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मी आले त्या वर्षापासून, मॅडम."

"आणि तू फिजिओथेरपिस्ट."

"तुम्ही सांगितलं नाहीत. आणि आता व्यायामानं भागणार नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

"कळतं." त्या स्टुलाच्या कडेला बसल्या. "पण माझं नियमात बसत नाही."

तेव्हा मला उमगलं. बाई दवाखान्याच्या वरच एकट्या राहत. पाणी वर चढत नसे म्हणून बादल्या स्वतः नेत, सिलिंडर स्वतः सरकवत. भाऊ-बहीण, मूलबाळ, कोणाचं नाव आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मावशीला त्या बादलीला हात लावू देत नसत, कारण मावशीचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. इतकी वर्षं रोज कुणाला ना कुणाला त्या विचारत होत्या, उचलणारं माणूस कोण, आणि त्यांना स्वतःला त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

मी त्यांचाच फोन उचलला आणि शहरातल्या त्यांच्या विद्यार्थिनीला लावून स्पीकरवर टाकला. बाईंनी अडवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मी उद्या करायला तयार आहे. पण नियम तुमचाच आहे. उचलणारं माणूस कोण?"

मी बाईंकडे बघितलं. त्या घमेल्यातल्या वाळूकडे बघत होत्या. इतक्या बायकांना चपराक मारल्यासारखा प्रश्न विचारणारी ही बाई, आणि तिला मान वर करता येईना. मला ते सहन झालं नाही.

"मी," मी फोनमध्ये म्हटलं, आणि माझं नाव सांगितलं.

"तू सूसला राहतेस," बाई म्हणाल्या.

"तीन महिने इथं राहीन. सासूबाईंना सांगते."

"तोडून नको सांगू."

"नाही सांगणार."

त्या स्टुलावरून उठल्या. मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "खोक."

"मॅडम?"

"खोक म्हटलं ना. उभी राहून. अजून. हं. आता चल अंगणात."

मला वाटलं होतं, निदान आज तरी सवलत मिळेल. तीच माझी चूक. मावशींनी नळ सोडला, हंडा काठोकाठ भरला. शेडमधले पुरुष सरसावून बसले. बाकांवरच्या सगळ्या बायका व्हरांड्याच्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या, मध्ये बाई. इतक्या नवऱ्यांना या अंगणातून जाताना मी वरून बघितलं होतं आणि मनातल्या मनात हसले होते. खालून ते अंगण फारच लांब दिसत होतं.

मी हंडा कंबरेवर घेतला. शेडमधून इंदूबाईचे मालक ओरडले, "म्याडम, कंबरंवर न्हाई! छातीला धरा! आन् पान्याकडं बघू नगा, म्होरं बघा!" मी हंडा छातीशी धरला. चार पावलं नीट गेले. मग कोणीतरी म्हणालं, "ह्या तर शिकिवनाऱ्या म्याडम की!" आणि माझं लक्ष गेलं, हंडा कलला, आणि गार पाणी गळ्यापासून खालपर्यंत सगळं माझ्या अंगावर आलं. ड्रेस, ओढणी, चपला, सगळं चिंब.

"सांडलं," व्हरांड्यातून आवाज आला. "परत..."

पुढचा शब्द आलाच नाही. मी वर बघितलं. बाई हसत होत्या. दोन्ही हात मोकळे, कठडा धरला नव्हता, पाय आवळले नव्हते. उभ्याउभ्या, तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. असं हसताना त्यांना आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं. साडी गडदच होती, पण पायाखालची फरशी फिकी होती, आणि शेजारच्या बायकांनी ती पाहिली. एकीनंही पाय मागे घेतला नाही.

बाईंनी खाली बघितलं. हसू थांबतंय की काय, असं मला वाटलं.

"हसा, बाई, हसा," मावशी नळापाशी उभ्या राहूनच ओरडल्या. "फरशी पुसायला मी हाय."

मी हंडा पुन्हा नळाखाली लावला.